डिस्क बंद पडण्याआधी: बिघडणाऱ्या ड्राइव्हवरच्या माहितीसाठी एन्क्रिप्शन कसं निवडायचं

एप्रिलमधली दुपार. नवी पेठेतल्या एका करसल्लागार काकांचा फोन आला, "अरे, ती बॅकअपची डिस्क टकटक करतेय. उघडतच नाही." मी पोचेपर्यंत ती कॉम्प्युटरला दिसायचीही बंद झाली होती. दोन टीबीची एक्स्टर्नल हार्डडिस्क, वॉरंटी अजून वर्षभर शिल्लक. मूळ फाइली ऑफिसच्या कॉम्प्युटरवर होत्याच, त्यामुळे आम्हा दोघांनाही वाटलं की फार काही बिघडलं नाही. जुनी डिस्क जमा करायची, बदली घ्यायची. पाकिटात घालताना काका थांबले. "यावरचं पुसलंस ना?"

पुसणार कसं? पुसायचं म्हणजे डिस्कवर दुसरं काहीतरी लिहायचं, आणि ही डिस्क लिहूनच घेत नव्हती. आत मात्र सगळं शाबूत होतं: शेकडो अशिलांचे पॅन, आधारच्या प्रती, बँकेची स्टेटमेंट्स, सात-आठ वर्षांची विवरणपत्रं. बिघाड बहुतेक वेळा वाचणाऱ्या हेडमध्ये किंवा सर्किट बोर्डमध्ये असतो. तबकड्यांवरची माहिती तशीच राहते, आणि योग्य साधनं असलेला माणूस ती वाचू शकतो. काकांनी वॉरंटीवर पाणी सोडलं, माझ्याकडून डिस्कला ड्रिलने भोकं पाडून घेतली आणि नवी डिस्क खिशातून घेतली. जुनी डिस्क विकत घेतली त्या दिवशी अर्धा तास दिला असता, तर ती बिनधास्त पाकिटात घालून पाठवता आली असती.

तो अर्धा तास एन्क्रिप्शनसाठी, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात माहिती डिस्कवर लिहिण्यासाठी, कसा द्यायचा ते इथे सांगतो. सोलापुरात मी छोट्या ऑफिसांचे, दुकानांचे, दोन-तीन चादर कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. तुम्ही कॉम्प्युटरमधले जाणकार नाही असं धरूनच लिहितो आहे.

आधी एक गैरसमज

एन्क्रिप्शनमुळे डिस्क बिघडायची थांबत नाही, आणि बिघडलेल्या डिस्कवरची माहिती परतही मिळत नाही. ते काम बॅकअपचं. एन्क्रिप्शन एवढंच करतं की डिस्क तुमच्या हातातून गेली, मग ती वॉरंटीत जावो, दुरुस्तीला जावो, भंगारात जावो किंवा चोरीला, तर ती उघडणाऱ्याला फक्त अर्थहीन आकडे दिसतात. कॉम्प्युटर चालू आहे, तुम्ही पासवर्ड टाकून बसला आहात, तेव्हा कुलूप उघडंच असतं. त्या वेळी व्हायरस आला तर एन्क्रिप्शन त्याला अडवत नाही. हे नीट समजून घ्या, कारण "एन्क्रिप्ट केलंय, आता बॅकअप कशाला" असं म्हणणारे लोक मला दर वर्षी भेटतात.

मग नंतर पुसून का भागत नाही? डिस्क धडधाकट असेल तर भागतंही. पण हार्डडिस्कमधला एखादा सेक्टर, म्हणजे माहिती लिहायचा छोटा कप्पा, खराब व्हायला लागला की डिस्क स्वतःच तो सेक्टर बाजूला टाकते आणि राखीव जागेतला दुसरा वापरते. बाजूला टाकलेल्या सेक्टरमध्ये जुना मजकूर तसाच राहतो, आणि तुम्ही कितीही वेळा पूर्ण डिस्कवर शून्य लिहिलंत तरी ते तिथे पोचत नाही. एसएसडीमध्ये, म्हणजे तबकड्यांऐवजी चिप्सवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, तर हे रोजचंच आहे. चिप्स सारख्या झिजाव्यात म्हणून ती प्रत्येक वेळी नव्या जागी लिहिते, आणि तुम्हाला दिसते त्याहून जास्त जागा तिच्याकडे आत राखीव असते. शिवाय काही एसएसडी आयुष्य संपत आलं की लिहिणं पूर्ण बंद करून फक्त वाचू देतात. म्हणजे कुणालाही वाचता येईल, पण तुम्हाला पुसता येणार नाही अशी डिस्क.

म्हणून माहितीने डिस्कला पहिल्यांदा स्पर्श केला तेव्हाच ती एन्क्रिप्ट झालेली असली पाहिजे. बाकीचा लेख याच गोष्टीभोवती फिरतो.

पायरी १: आपल्याकडची डिस्क कोणत्या अवस्थेत आहे ते पाहा

प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स ही मोफत साधनं ती नोंद दाखवतात. हार्डडिस्क असेल तर तीन ओळी बघा: क्रमांक ५, बाजूला टाकलेले सेक्टर, १९७, वाचायला त्रास देणारे आणि निर्णयाची वाट बघणारे सेक्टर, १९८, दुरुस्त न होणारे सेक्टर. तिन्ही शून्य असतील तर उत्तम. पाचव्या ओळीत लहानसा आकडा असून तो महिनोन्महिने वाढत नसेल तर लगेच घाबरू नका. १९७ चा आकडा वाढताना दिसला तर मात्र त्या डिस्कवरून माहिती हलवायचा दिवस आजच.

आणि इथे सर्वांत महत्त्वाची सूचना: आजारी डिस्क जागच्या जागी एन्क्रिप्ट करू नका. तसं करताना डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर वाचला जातो आणि पुन्हा लिहिला जातो. कित्येक तासांची ही मेहनत मरायला टेकलेल्या डिस्कला झेपत नाही, आणि ती मधेच बंद पडली तर अर्धं इकडे, अर्धं तिकडे अशी गत होते. नवी डिस्क आणा, तिला आधी एन्क्रिप्ट करा, मग जुनीवरची माहिती तिच्यात उतरवा. जुनी डिस्क कुलूप नसलेलीच राहील. ती परत द्यायची नाही, वॉरंटी असली तरी. तिचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

पायरी २: पूर्ण डिस्क की फक्त फाइली?

एन्क्रिप्शनच्या दोन जाती आहेत. एकीत पूर्ण डिस्क किंवा पूर्ण पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) कुलूपबंद होतं. वाड्याच्या दिंडी दरवाजालाच कुलूप म्हणा ना. विंडोजचं बिटलॉकर, लिनक्सचं लक्स, मॅकचं फाइलव्हॉल्ट ही या जातीची, आणि व्हेराक्रिप्टनेही पूर्ण डिस्क बंद करता येते. दुसऱ्या जातीत वाडा उघडा असतो आणि आतली निवडक कपाटं बंद असतात: लिनक्समध्ये एक्सटी४ या फाइलसिस्टिमवर (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीवर) चालणारं एफएसक्रिप्ट, किंवा फोल्डरवर बसणारी क्रिप्टोमेटर आणि गोक्रिप्टएफएस ही साधनं.

फाइलींचं एन्क्रिप्शन ऐकायला छान वाटतं. जे महत्त्वाचं तेवढंच बंद करू, बाकीचं कशाला? पण बिघडणाऱ्या डिस्कच्या बाबतीत ते तोकडं पडतं. एफएसक्रिप्ट फाइलीतला मजकूर आणि फाइलीचं नाव लपवतं, पण फाइल केवढी, कधी बदलली, कुठल्या फोल्डरात किती फाइली, हे उघडंच राहतं. त्याहून मोठा धोका आजूबाजूला सांडलेल्या प्रतींचा. तुम्ही बंद फोल्डरमधलं विवरणपत्र उघडलंत, छापलंत, की त्याची एक तात्पुरती प्रत दुसरीकडे बनते. फोटोंच्या छोट्या प्रतिमा वेगळ्या साठतात. मेमरी कमी पडली की चालू असलेलं काम स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या त्यासाठीच्या जागेत जातं, लॅपटॉप हायबरनेट केला की पूर्ण मेमरीच डिस्कवर उतरते. ही सगळी कपाटाबाहेरची कागदपत्रं. डिस्क चालू असताना ती शोधून पुसता येतील कदाचित. डिस्क मेली की ती तिच्याबरोबर सेवा केंद्रात जातात.

माझं मत स्पष्ट आहे. ऑफिसचा कॉम्प्युटर, लॅपटॉप, बॅकअपची डिस्क यांना पूर्ण डिस्कचं एन्क्रिप्शन. फाइलींचं एन्क्रिप्शन त्याच्या जोडीला वापरा, त्याच्या जागी नाही. त्याची खरी जागा गुगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी काही ठेवायचं असेल तेव्हा, किंवा एकाच कॉम्प्युटरवर दोघे-तिघे काम करतात आणि एकाचं दुसऱ्याला दिसू नये तेव्हा. विजापूर रोडवरच्या एका चादर कारखान्यात आम्ही तसंच केलं आहे. पूर्ण डिस्क कुलूपबंद आहेच, शिवाय जेकार्डच्या नव्या डिझाइनचं फोल्डर मालक आणि डिझायनर या दोघांनाच उघडता येतं. डिझाइन हंगामाआधी बाहेर गेलं तर महिन्यांची मेहनत दुसऱ्याच्या मागावर विणली जाते, हे त्या घराला सांगावं लागलं नाही.

नव्या लोकांना झेडएफएससारख्या फाइलसिस्टिमच्या आतलं एन्क्रिप्शनही सुचवलं जातं. ओपनझेडएफएसमध्ये ते २०१९ पासून आहे. मोठा सर्व्हर स्वतः सांभाळत असाल तर बघा. पहिल्या डिस्कसाठी त्या वाटेला जाऊ नका.

डिस्कच्या आतलं तयार एन्क्रिप्शन

काही एसएसडी आणि एक्स्टर्नल डिस्क "एन्क्रिप्शन आतच आहे" असं सांगून विकल्या जातात. मी त्यावर एकट्यावर भिस्त ठेवत नाही. नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की चांगल्या खपाच्या अनेक एसएसडींचं अंगभूत एन्क्रिप्शन पासवर्डशिवाय ओलांडता येत होतं. तोवर बिटलॉकर अशी एसएसडी दिसली की स्वतः काही न करता काम तिच्यावर सोपवायचं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बदललं, आणि तेव्हापासून बिटलॉकर आपलं आपण एन्क्रिप्ट करतं.

दुसरी अडचण बिघाडाची. काही एक्स्टर्नल डिस्कमध्ये एन्क्रिप्शन यूएसबीच्या छोट्या बोर्डवर होतं. बोर्ड जळला तर आतली डिस्क काढून दुसऱ्या डबीत घातली तरी वाचता येत नाही, कारण कुलूप त्या बोर्डबरोबर गेलं. सॉफ्टवेअरचं एन्क्रिप्शन असेल तर डबी कुठलीही चालते.

पायरी ३: प्रत्यक्ष कुलूप लावणं

सुरू करण्याआधी बॅकअप घ्या आणि यूपीएस लावा. मधेच वीज गेली तर बिटलॉकर नंतर तिथून पुढे सुरू होतं. तरीही आपल्याकडे उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि विषाची परीक्षा घ्यायचं कारण नाही.

विंडोज. प्रो आवृत्ती असेल तर बिटलॉकर तुमच्याकडे आहेच. ड्राइव्हवर उजवी क्लिक करा, टर्न ऑन बिटलॉकर निवडा. मधे एक प्रश्न येतो ज्यावर नव्वद टक्के लोक न वाचता पुढे जातात: फक्त वापरलेली जागा एन्क्रिप्ट करायची की पूर्ण ड्राइव्ह? डिस्क कोरी, खोक्यातून आत्ता काढलेली असेल तरच पहिला पर्याय घ्या. आधी वापरलेली असेल तर पूर्ण ड्राइव्ह, कितीही तास लागोत. कारण "रिकाम्या" दिसणाऱ्या जागेत पूर्वी डिलीट केलेल्या फाइली पडून असतात, आणि पहिला पर्याय त्यांना हात लावत नाही. वापरलेल्या एसएसडीवर पूर्ण ड्राइव्ह निवडूनही आतल्या राखीव जागेत जुनं काही उरू शकतं. म्हणून पुन्हा तेच, पहिल्या दिवशी कुलूप लावणं सगळ्यांत चांगलं.

विंडोज होममध्ये पूर्ण बिटलॉकर नसतं. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाची साधी सोय असते, सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॅपटॉप सुरू केला असेल तर ती आपोआप चालूही झालेली असू शकते, तुम्हाला पत्ता नसताना. आजच बघा. चालू असेल तर रिकव्हरी की, म्हणजे नेहमीची वाट अडली तर डिस्क उघडणारी लांब किल्ली, त्या खात्यात जमा असते, आणि ते खातं कुणाच्या ईमेलचं आहे हे ठाऊक हवं. मागे एका लॅपटॉपची की दुकानातल्या पोराने घाईत बनवलेल्या खात्यात निघाली. तो पोरगा पुण्याला गेला होता. की मिळाली, पण चार दिवस फोनाफोनी झाली.

होमवर एक्स्टर्नल डिस्क एन्क्रिप्ट करायची तर व्हेराक्रिप्ट घ्या. मोफत आहे, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं. डिस्क आधी वापरलेली असेल तर क्विक फॉरमॅटवर खूण करू नका, कारण बिटलॉकरच्या पहिल्या पर्यायासारखंच, जुना मजकूर तसाच राहतो. आणि ऑफिसातल्या प्रत्येकाला एक गोष्ट बजावून ठेवा. व्हेराक्रिप्टची डिस्क जोडली की विंडोजला ती ओळखता येत नाही आणि ते विचारतं, "ही डिस्क फॉरमॅट करायची का?" उत्तर नेहमी नाही. मी डिस्कवर पांढऱ्या चिकटपट्टीने लिहूनच ठेवतो: फॉरमॅट विचारल्यास कॅन्सल.

लिनक्स. उबंटू किंवा फेडोरा बसवतानाच एन्क्रिप्शनची खूण करा. लक्स आपोआप लागतं. नंतर पूर्ण सिस्टिम एन्क्रिप्ट करणं शक्य असतं पण नवख्याचं काम नव्हे. एक्स्टर्नल डिस्कसाठी डिस्क्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये फॉरमॅट करताना पासवर्डने सुरक्षित करायचा पर्याय असतो. लक्सची डिस्क विंडोजला जोडली तरी तोच फॉरमॅटचा प्रश्न येतो, तेव्हा तीच चिकटपट्टी.

मॅक. सिस्टिम सेटिंग्जमध्ये फाइलव्हॉल्ट चालू करा, रिकव्हरी की लिहून घ्या. झालं.

कॉम्प्युटर मंद होईल का, हा प्रश्न येतोच. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक प्रोसेसरमध्ये एईएस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीसाठी वेगळी सोय असते, आणि रोजच्या कामात फरक जाणवत नाही. हार्डडिस्क तर त्या गणितापेक्षा कितीतरी सावकाश चालते. फारच जुनं मशीन असेल तर लिनक्समधल्या क्रिप्टसेटअपची (लक्स हाताळणाऱ्या साधनाची) वेगचाचणी चालवून बघा, दोन मिनिटांत आकडे समोर येतात.

पायरी ४: पासवर्ड आणि किल्ली

मेलेल्या डिस्कवर तुम्ही काहीच बदलू शकत नाही. पासवर्डसुद्धा नाही. डिस्क दुसऱ्याच्या हातात गेल्यावर तुमच्या बाजूने लढणारा एकटा तोच असतो, आणि समोरच्याकडे हवा तेवढा वेळ असतो. म्हणून मोबाइल नंबर, गाडीचा नंबर, मुलीचं नाव नको. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्या, पुस्तक कुठेही उघडून बोट ठेवत निवडलेले. जत्रा, पाटी, कडूनिंब, इस्त्री, ढेकूळ, बावीस असे काहीतरी. हे उदाहरण वापरू नका. मराठी शब्द घ्यायला हरकत नाही, पण इंग्रजी अक्षरांत टंका, कारण कॉम्प्युटर सुरू होताना पासवर्ड विचारतो तेव्हा देवनागरी कीबोर्ड मिळत नाही. स्पेलिंग एकदाच ठरवा. "कडूनिंब" तीन प्रकारे लिहिता येतं आणि सहा महिन्यांनी आपण कुठला प्रकार वापरला ते आठवत नाही.

बिटलॉकर ४८ आकडी रिकव्हरी की देतं. ती छापा, दोन प्रती. एक घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये किंवा भागीदाराकडे. पाकिटावर डिस्कचा सिरियल नंबर लिहा, कारण दोन वर्षांनी तीन पाकिटं असतात आणि कुठलं कुणाचं ते कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवू नका. आणि ज्या डिस्कची किल्ली, त्याच डिस्कवर ती ठेवू नका. हे सांगायची गरज वाटत नाही, पण मी ते पाहिलं आहे. घरातल्या एकाला पाकीट कुठे आहे एवढं ठाऊक असू द्या. धंदा चालवणारा माणूस दवाखान्यात असताना पगाराची फाइल उघडत नाही, ही वेळ कुणावर येऊ नये.

पायरी ५: हेडर, म्हणजे कुलपाचा जीव

"एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कचा एक सेक्टर खराब झाला की सगळं गेलं" असं बरेच लोक सांगतात. हे अर्धं खरं आहे, आणि कुठलं अर्धं खरं ते कळलं की पुढचा निर्णय सोपा होतो.

माहितीच्या बाबतीत ते खोटं आहे. ही साधनं साधारणपणे एईएस एक्सटीएस पद्धत वापरतात, आणि तिच्यात प्रत्येक सेक्टर स्वतंत्रपणे एन्क्रिप्ट होतो. एक सेक्टर गेला तर तेवढाच गेला, शेजारचे वाचता येतात. एन्क्रिप्शन नसतं तरी तो सेक्टर गेलाच असता.

हेडरच्या बाबतीत मात्र ते खरं आहे. तुमचा पासवर्ड थेट माहिती उघडत नाही. डिस्कच्या एका छोट्या भागात खरी किल्ली बंद करून ठेवलेली असते, आणि पासवर्ड ती पेटी उघडतो. ती पेटी म्हणजे हेडर. लक्समध्ये ही किल्ली मुद्दाम हजारो तुकड्यांत पसरून लिहिलेली असते, म्हणजे पासवर्ड रद्द करताना थोडासा भाग पुसला गेला तरी किल्ली कायमची नष्ट व्हावी. याची दुसरी बाजू अशी की तिथला एखादा सेक्टर आपोआप खराब झाला तरी तो पासवर्ड निकामी होतो. दोन टीबी माहिती शाबूत, पासवर्ड बरोबर, आणि उघडायचा मार्ग नाही.

म्हणून लक्स वापरत असाल तर क्रिप्टसेटअपचा हेडर बॅकअपचा आदेश वापरून हेडरची प्रत काढा. नव्या लक्स२ मध्ये ती फाइल साधारण १६ एमबीची असते, कुठल्याही पेनड्राइव्हवर मावते. व्हेराक्रिप्ट हेडरची एक प्रत त्याच डिस्कच्या शेवटी ठेवतंच, पण टूल्समधून बाहेरही एक काढून ठेवा. बिटलॉकर आपल्या नोंदी डिस्कवर तीन ठिकाणी लिहितं आणि बिघडलेल्या डिस्कसाठी रिपेअर-बीडीई हे साधन विंडोजबरोबरच येतं, पण त्याला ती ४८ आकडी की किंवा डिस्कचा पासवर्ड लागतोच. हेडरच्या जुन्या प्रतीत जुना पासवर्ड चालतो हेही लक्षात ठेवा. पासवर्ड कुणाला कळला म्हणून बदललात, तर जुनी प्रत नष्ट करून नवी काढा.

एवढं झालं की एकदा प्रत्यक्ष परीक्षा घ्या. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, पाकिटातली की वापरून उघडा, दोन फाइली वाचून बघा. आमच्या व्यापारी अशिलांकडे मी हे दिवाळीत वहीपूजनाच्या आदल्या दिवशी करतो. त्या दिवशी मालक हमखास पेढीवर असतात, हिशेबाच्या वह्या समोर असतात, आणि तारीख कुणी विसरत नाही.

डिस्क बिघडली, आता काय?

टकटक आवाज, फोल्डर उघडायला मिनिटं लागणं, मधेच गायब होणं. ही लक्षणं दिसली की डिस्क काढून ठेवा. पुन्हापुन्हा चालू करून बघू नका. विंडोजचं चेकडिस्क हे डिस्क तपासायचं साधन चालवू नका, दुरुस्ती करताना ते अशा डिस्कवर लिहायला जातं. आवाज करणारी डिस्क तर घरी अजिबात हाताळू नका.

आवाज नसेल, फक्त सेक्टर खराब असतील, तर डीडीरेस्क्यू हे प्रत काढायचं साधन वापरून पूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्या. ते आधी सोपे भाग उचलतं, अवघड जागा नंतरसाठी ठेवतं, आणि कुठवर आलो याची नोंद एका मॅप फाइलमध्ये करतं. ती फाइल दिली की मधे थांबलं तरी पुढे तिथूनच सुरू होतं. मूळ डिस्क आणि नवी डिस्क यांची नावं टाकताना दोनदा तपासा, उलट झालं तर बॅकअपशिवाय वाचवायला काही उरत नाही. इथे एन्क्रिप्शनचा अडथळा येत नाही. एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कची एन्क्रिप्ट केलेलीच प्रत निघते, आणि पासवर्ड टाकून उघडायची ती प्रत.

याचा एक मोठा फायदा आहे जो फार थोड्यांना ठाऊक असतो. डिस्क रिकव्हरीवाल्याकडे द्यावी लागली तर त्याला पासवर्ड द्यायलाच हवा असं नाही. सांगा की डिस्क एन्क्रिप्टेड आहे, मला सेक्टर-टू-सेक्टर इमेज काढून द्या. तो हेड बदलेल, वाचता येईल तेवढं उचलेल, आणि उघडायचं काम तुमच्या ऑफिसात होईल. कुठल्या फाइली नीट आल्या हे त्याला तपासून देता येणार नाही, एवढीच तडजोड.

पूर्ण लॅपटॉप सेवा केंद्रात जाणार असेल तर वेगळी काळजी घ्या. बिटलॉकरची किल्ली बहुधा लॅपटॉपमधल्या टीपीएम या किल्ल्या सांभाळणाऱ्या चिपमध्ये असते, त्यामुळे डिस्क त्याच लॅपटॉपमध्ये असेपर्यंत ती लॉगिनच्या पडद्यापर्यंत आपोआप उघडते. मग "टेस्टिंगसाठी पासवर्ड लिहून द्या" असं काउंटरवर सांगतात. देऊ नका. डिस्क निघत असेल तर काढून घ्या. प्रो आवृत्तीत सुरुवातीलाच पिन विचारायची सोय लावता येते, तीही लावून ठेवा.

परत देणं आणि टाकणं

पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट केलेली, चांगल्या पासवर्डची डिस्क वॉरंटीत द्या. डिस्क अजून थोडी लिहून घेत असेल तर देण्याआधी लक्सच्या हेडरमधल्या किल्ल्या पुसायचा आदेश चालवा. मग योग्य पासवर्ड असलेल्यालाही ती उघडता येत नाही. बाहेर हेडरची प्रत असेल तर तीही नष्ट करा.

कधीच एन्क्रिप्ट न केलेली, पण चालू असलेली हार्डडिस्क पूर्ण एकदा पुसलीत तरी पुष्कळ झालं. पस्तीस वेळा पुसण्याचा जुना सल्ला आजच्या डिस्कना लागू नाही. एन्क्रिप्ट न केलेली आणि मेलेली असेल तर ती मोडायची. हार्डडिस्कच्या तबकड्यांतून आरपार भोकं पाडा. काही तबकड्या काचेच्या असतात आणि तुकडे उडतात, तेव्हा चष्मा घाला. एसएसडीमध्ये प्रत्येक काळी चिप फुटली पाहिजे, नुसता बोर्ड वाकवून उपयोग नाही. उरलेलं भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात द्या.

यात नुसत्या भीतीचा प्रश्न नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्या छोट्या ऑफिसांवर एवढी वेळ येईल असं मी म्हणत नाही. पण अशिलाने विश्वासाने आपला आधार क्रमांक आपल्याकडे दिलेला असतो, कायदा नसता तरी तो सांभाळायचा होताच.

वॉरंटीत बदलून आलेली डिस्क पुष्कळदा कोरी नवी नसते, दुरुस्त करून तपासलेली असते. ती आली की आधी स्मार्टच्या त्या तीन ओळी बघा. मग एन्क्रिप्ट करताना पूर्ण ड्राइव्हचा पर्याय घ्या, हेडरची नवी प्रत काढा, आणि जुनं पाकीट फाडून नव्या पाकिटावर नवा सिरियल नंबर लिहा.